दानम्मानं सांगितलेला रंग

नागणहट्टीच्या माध्यमिक विद्यालयात दानम्मा शिपाई होती, हे कागदापुरतं खरं. गावात विचाराल, तर शाळा दानम्माची होती आणि मुख्याध्यापक, शिक्षक, संस्थेचे चेअरमन ही सगळी मंडळी तिच्याकडं कामाला होती. गडहिंग्लजहून येणारी सकाळची एस.टी. शाळेपुढं थांबायची ती ड्रायव्हरला दया येऊन नव्हे. दानम्मा रस्त्याच्या मधोमध उभी राहायची म्हणून. आवाज असा, की व्हरांड्यातून तिनं "ए, गप बसा की रं!" म्हटलं की नववीचा वर्ग तर गप्प व्हायचाच, शेजारच्या डेअरीत दूध घालायला उभी असलेली माणसंही बोलायची थांबायची.

तिचा नवरा सोमलिंग हा या शाळेचा पहिला शिपाई. नव्वद साली काविळीनं पंधरा दिवसांत गेला. महिना झाला नाही तोच संस्थेची माणसं घरी आली आणि म्हणाली, "सोमलिंगची घंटा आता तुम्ही वाजवायची." दानम्मा हे आयुष्यभर विसरली नाही. कुणी विचारो न विचारो, ती सांगायची, "गावानं मला भाकरी दिली असती तर एका दिसात सपली असती. गावानं घंटा दिली." तिचं माहेर संकेश्वरकडचं, घरात बोली कानडी, शिक्षण कानडी चौथी. मराठी वाचायची ती अक्षराला अक्षर लावून, सावकाश. पण बोलायला लागली की दोन्ही भाषा तिच्या तोंडात कोंबड्यांसारख्या एकमेकींवर उड्या मारायच्या. आमच्या सीमाभागातल्या बायकांसारखी तीही स्वतःला 'मी गेलो, मी सांगितलो' असंच म्हणायची.

तिची एक खोड मात्र होती. कुठलाही निरोप तिच्या तोंडून जसाच्या तसा बाहेर पडायचा नाही. थोडा शिजूनच पडायचा. सरांनी "उद्या संस्थेचे पदाधिकारी येणार आहेत" असं वर्गावर्गात सांगायला धाडलं, की ही सांगायची, "उद्या मोठी मंडळी येनार हायती, नाकं पुसून या." निरोप पोचायचा, बरोबर पोचायचा, पण सरांनी सांगितलेला एकही शब्द त्यात नसायचा. ह्यात कुणाचं कधी बिघडलं नव्हतं. बिघडलं ते नव्याण्णव सालच्या मे महिन्यात, आणि तेही गणवेशाच्या रंगावरून.

त्याआधीची दोन वर्षं सांगितल्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही.

सत्त्याण्णवला इंगवले सर मुख्याध्यापक म्हणून आले. मूळचे कोल्हापूर शहरातले. भांग नीट, इस्त्री नीट आणि ऱ्हस्वदीर्घ त्याहून नीट. फळ्यावर वेलांटी चुकली तर तासाला आलेल्या शिक्षकालाच पुसून परत लिहायला लावतील असा माणूस. आल्या आल्या त्यांनी हजेरीपट काढून एक गोष्ट पाहिली. गावच्या आणि आसपासच्या मळ्यांतल्या प्राथमिक शाळांतून सातवी पास होणाऱ्या मुली एकतीस आणि आपल्या शाळेत आठवीला येणाऱ्या सतरा. बाकीच्या चौदा जातात कुठं? त्यांनी शिक्षकांची बैठक घेतली. कुणी म्हणालं अज्ञान, कुणी म्हणालं लग्नाची घाई, कुणी म्हणालं शेतीची कामं. चहाची किटली घेऊन दारात उभी असलेली दानम्मा ऐकत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"पोरी अभ्यासाला भ्यात न्हाईत सर," ती म्हणाली. "झग्याला भ्यात्यात."

मुलींचा गणवेश म्हणजे पांढरा ब्लाउज आणि गुडघ्यापर्यंतचा निळा स्कर्ट, ज्याला गाव झगा म्हणायचं. तेराचौदा वर्षांची पोर तो घालून मळ्यातून दोन-दोन मैल चालत यायची. वाटेत उसाच्या गाड्या, गाड्यांवर रिकामटेकडी तोंडं. बाप म्हणायचा, शाळा राहू दे. आई म्हणायची, शिलाई शिकू दे. आणि पोरगी काहीच म्हणायची नाही.

"हे तुम्हाला कसं कळलं?" सरांनी विचारलं.

"मी माज्याच पोरीला काढली की वो," दानम्मा म्हणाली. "माझी महादेवी. सातवीला पयली आलती. ह्यो झगा बगून मीच म्हनलो, बास. सोळाव्या वर्सी लगीन करून दिलं. सोमलिंग ह्या शाळंची घंटा वाजवत हुता आन् त्याचीच पोरगी घरात भाकरी थापत हुती."

तिनं चहा ओतला आणि निघून गेली. महादेवी सासरी सुखात होती, आईला तिनं कधी शब्दानं दुखवलं नाही. तेच दानम्माला जास्त लागायचं. इंगवले सरांनी त्या दिवशी डायरीत काहीतरी लिहून ठेवलं. पुढची दोन वर्षं ते संस्थेशी भांडले. मुलींना सलवार-कमीज आणि ओढणी असा पंजाबी ड्रेस द्यायचा म्हटल्यावर चेअरमन म्हणाले, "शाळा हाय का सिनेमा?" सर हटले नाहीत. आधी मुलींसाठी दोन स्वच्छतागृहं बांधून घेतली. मग कुंपण. मग एस.टी.च्या साहेबांकडं खेटे घालून संध्याकाळच्या गाडीची वेळ शाळा सुटायच्या वेळेशी जुळवून घेतली. शेवटी कंटाळून संस्थेनं गणवेशालाही मान्यता दिली. मुलांचा गणवेश होता तसाच ठेवला, मुलींचा बदलला.

आता हे पालकांना कळवायचं. क्लार्कनं पत्रकाचा कच्चा मसुदा केला. त्यात होतं, 'अस्मानी रंगाची कमीज, पांढरी सलवार व पांढरी ओढणी.' सरांनी लाल पेन उचललं, 'अस्मानी' खोडलं आणि वर 'आकाशी' लिहिलं. "आपल्या भाषेत शब्द असताना उसना कशाला?" असंही बोलले. क्लार्कनं मान हलवली. त्याला साहेबांपुढं मान हलवायचाच पगार होता.

पत्रकं छापून आली तेव्हा शाळेला मेची सुट्टी लागलेली. पोरांच्या हाती देता येईना. आणि सरांच्या मनात आणखी एक होतं. ज्या मुली आधीच घरी बसल्यात त्यांच्या दारातही हे पत्रक गेलं पाहिजे. तेव्हा अडुसष्ट पत्रकांचा गठ्ठा दानम्माच्या पिशवीत आला. घरोघर जायचं, वाचून दाखवायचं, पालकाची सही किंवा अंगठा घ्यायचा.

वाचून दाखवायचं! 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की' हे पहिलंच वाक्य दानम्मानं आयुष्यात एकदाही कुणाला वाचून दाखवलं नाही. पत्रक हातात धरायची, त्याच्याकडं बघायची आणि मनानं बोलायची. झगा गेला. अंगभर कापड आलं. पोरींच्या संडासाला आतनं कडी हाय, मी सोता लावून बघितलोय. एस.टी. शाळा सुटल्यावरच सुटती. धावीला गनिताचा जादा तास हाय. कर अंगठा.

आणि रंग?

"आकाशी म्हंजी कंचा गं?" पहिल्याच घरात बाईनं विचारलं. 'आकाशी' हा शब्द गावात पुस्तकाबाहेर कुणी ऐकलेला नव्हता.

"आभाळी की वो!" दानम्मा म्हणाली आणि बोट वर केलं. "ह्ये बगा, वर."

बाईनं वर बघितलं. मे महिन्यातलं निळंभोर आभाळ होतं. कळलं. कानडी घरांत ती 'मुगिल बण्णा' म्हणाली, म्हणजे तेच, आभाळाचा रंग, आणि तिथंही बोट वर केलं. चार दिवस गाव पालथं घातलं. सगळ्यांना समजलं. स्वतःवर खूश होऊन ती पाचव्या दिवशी मळ्यांकडं वळली.

खालच्या मळ्यातल्या बाळासोच्या घरी ती ह्याआधी दोनदा गेली होती आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आली होती. बाळासो ऊसवाला, कष्टाचा आणि शब्दाचा फार पक्का. त्याची संयोगिता सातवी पास होऊन वर्षभर घरी होती, वैरण कापत होती. "गुडघं दावत माझी पोरगी रस्त्यानं जानार न्हाय," हे त्यानं एकदा म्हटलं होतं आणि बाळासोनं एकदा म्हटलं म्हणजे ते दगडावर कोरलं. त्या मळ्यात आणखी तीन घरं, प्रत्येकात एक-एक पोरगी. तिन्ही बाप म्हणायचे, बाळासो पाठवील तर आम्ही पाठवू. म्हणजे बाळासोच्या एका मानेवर चार पोरींची शाळा लटकलेली.

दानम्मानं ओसरीवर बसून सगळं सांगितलं. बाळासोची म्हातारी धोंडुबाई जात्यापाशी बसून ऐकत होती. तिला एकच शंका.

"कडी आतनं हाय का भायेरनं?"

"आतनं, म्हातारे. आन् भक्कम हाय."

संयोगिता चौकटीला धरून उभी होती. बापाकडं बघत नव्हती. जमिनीकडं बघत होती. दानम्माला ती उभी राहण्याची तऱ्हा ओळखीची होती. महादेवी अशीच उभी राहिली होती.

"बाळासो," दानम्मा म्हणाली, "मी माज्या पोरीचं वाट्टोळं क्येलं. तू करू नगंस बाबा."

बाळासोनं एकदा पोरीकडं बघितलं. त्यानं अंगठ्याला शाई लावली नाही. पेन मागून घेतलं आणि मोठ्या अक्षरात सही केली. "रंग कंचा म्हनलीस?"

"आभाळी," दानम्मा म्हणाली. आनंदानं तिची नजर त्या सहीवरून हलत नव्हती. वर न बघताच तिनं बोट वर केलं. "ह्ये काय, आभाळ."

बाळासोनं वर बघितलं. दुपारपासून वळवाचं भरून आलं होतं. आमच्या भागात ढग आले असं कुणी म्हणत नाही. आभाळ आलंय म्हणतात. तर आभाळ आलेलं होतं, कडेपासून कडेपर्यंत, राखी. बाळासोनं ते नीट डोळ्यांत भरून घेतलं. पुढच्या बाजाराला तो गडहिंग्लजला गेला आणि कापडवाल्याला म्हणाला, "आलेल्या आभाळाचा रंग द्या." दुकानदारानं राखी कापडाचा तागा पुढं टाकला. बाळासोनं तो दुकानाबाहेर नेऊन, मनातल्या आभाळाशी ताडून बघितला आणि आपल्या मळ्यातल्या चारही पोरींना त्यातलंच घेतलं.

पुढचे तीन दिवस आभाळ तसंच होतं. दानम्मा वाड्यावस्त्यांवर, मळ्यामळ्यांत तशीच बोट वर करत फिरली.

शाळा उघडली. प्रार्थनेची घंटा देऊन दानम्मा दोर हातात धरून उभी राहिली आणि तिनं मैदानाकडं बघितलं. अर्ध्याहून थोड्या जास्त मुली निळ्या आणि सत्तावीस मुली राखी. सगळ्या नव्या कोऱ्या, इस्त्रीच्या, ओढणीच्या पिना नीट लावून आलेल्या. गावातल्या निळ्या, मळ्यातल्या राखी. पी.टी.चे सर तरुण आणि शिस्तीचे. त्यांनी शिट्टी मारली आणि राखी मुलींना वेगळ्या रांगेत, मागं उभं केलं.

इंगवले सर आले. "ह्यांना राखी कुणी सांगितलं?"

दानम्मा घंटेखाली उभी होती. सरांपासून दहा पावलांवर. सगळ्या गावाला गप्प बसवणाऱ्या त्या बाईच्या तोंडून त्या वेळी एक शब्द फुटला नाही. "पालकांनाच बोलावतो," सर म्हणाले आणि शनिवारी सभा लावली.

दुसऱ्या दिवशी खालच्या मळ्यातली एकही पोरगी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दानम्मानं तिकडून डेअरीत दूध घालायला येणाऱ्या एका बाईला विचारलं. ती म्हणाली, संयोगिता घरी जाऊन रडली. म्हणाली, मला मागं उभं केलं, आता जाणार नाही. आणि बाळासो म्हणाला, जाऊ नको.

दानम्माला नोकरीची भीती वाटली नाही असं नाही. वाटली. पण खरं सांगायचं तर तिला रात्रंदिवस दिसत होती ती चौकट धरून उभी राहिलेली पोर. पहिली महादेवी तिच्या हातानं घरी बसली होती. ही दुसरी तिच्या तोंडानं बसत होती. कडी आतून आली, एस.टी. वेळेवर आली, झगा गेला, सरांनी दोन वर्षं डोकं फोडून घेतलं, आणि सगळं हिच्या एका शब्दानं मातीत जाणार होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि सभा भरली. वर्गात मावेनात एवढी माणसं. बाळासो मागं, खिडकीशी, टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला.

इंगवले सर म्हणाले, "मला कुणावर रागवायचं नाही. फक्त एवढं सांगा, राखी रंग तुम्हाला कुणी सांगितला?"

सगळ्यांना ठाऊक होतं कुणी सांगितलं ते. आणि दारात कोण उभं आहे तेही दिसत होतं.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला. "कुनी न्हाय सांगितलं सर. मला डोळ्याला दिसत न्हाय. मीच येगळं उचललो."

बयाबाई नावाची एक बाई म्हणाली, "दुकानातली लाईट गेलती."

तिसरा म्हणाला, "आमी आडानी मानसं, आमास्नी कुठलं वाचाय येतंय?" हा गृहस्थ रोज सकाळी डेअरीच्या कट्ट्यावर सगळ्या गावाला पेपर वाचून दाखवायचा, अग्रलेखासकट. त्याच्या शेजारचा हसू दाबायला खाली वाकला.

मग एकच गलका झाला. माझी चूक, माझी चूक. एरवी बांधावरच्या वीतभर जागेसाठी कोर्टात जाणारी माणसं. त्या दिवशी चुकीच्या मालकीवरून भांडत होती. एकानंही दानम्माचं नाव घेतलं नाही.

दानम्मा दारातून आत आली. रडत होती, पण आवाज तसाच.

"गप बसा की वो सगळी!" ती म्हणाली. "सर, ही समदी खोटं बोलाय लागल्यात. मी सांगितलो. तुमी आकाशी लिवलं, मी आभाळी म्हनलो. गावात गेलो तवा आभाळ निळं हुतं. मळ्यात गेलो तवा आभाळ आलतं. मी वर बघितलोच न्हाय, नुस्तं बोट क्येलं. आन् चार दीस झालं, तुमी इचारलं तरी गप बसलो. ही मानसं माझी लाज राखाय लागल्यात, पर पोरींचा काय दोष न्हाय. मला काडायचं तर काडा. पोरीस्नी भायेर काडू नगा."

सर टेबलाच्या कडेला धरून उभे होते. कोपऱ्यातून क्लार्क, ज्यानं आयुष्यात साहेबांपुढं तोंड उघडलं नव्हतं, तो बारीक आवाजात म्हणाला, "सर, मी अस्मानी लिहिलेलं."

"हो," सर म्हणाले. "आणि मी ते खोडलं." मग लोकांकडं वळले. "अस्मानी म्हटल्यावर तुमच्यापैकी कुणाला कळलं नसतं?"

"अस्मानी व्हय!" पाचसहाजण एकदम म्हणाले. "मग तसं सांगायचं की! अस्मानी म्हंजी निळा."

"पाहिलंत?" सर म्हणाले. "शुद्ध लिहायच्या नादात मी कळेल असं लिहिलं नाही. दानम्मांनी कळेल असं सांगितलं. आता त्या दिवशी आभाळच आलं त्याला त्या काय करणार? चूक माझी आहे." लोक हसले, तसे सरही थोडे हसले. "आता ऐका. कापड कुणीही परत घ्यायचं नाही. निळंही आभाळच आणि आलेलंही आभाळच. ज्यांनी जो रंग शिवलाय तो त्या शाळा सोडून जाईपर्यंत चालेल. आठवीला पुढच्या वर्षी येतील त्यांच्यापासून एक रंग. आणि सोमवारपासून रांगा उंचीप्रमाणं लागतील, रंगाप्रमाणं नाही."

तेवढ्यात मागून बाळासो उठला. त्याला हसू आलेलं नव्हतं.

"रंगाचं झालं सर. माझ्या पोरीला मागं उभं क्येलं त्याचं काय?"

पी.टी.चे सर खाली बघायला लागले. इंगवले सरांनी मात्र त्यांच्याकडं बोट दाखवलं नाही. दोन्ही हात जोडले. "ते फार चुकलं. शाळेचा मुख्य मी आहे. मी तुमची आणि तुमच्या मुलीची माफी मागतो."

बाळासोनं टोपी डोक्यावर चढवली आणि निघून गेला. त्याच्यामागून मळ्यातले ते तिघेही गेले.

सोमवारी दानम्मा नेहमीपेक्षा लवकर आली. पाणी भरलं, फळे पुसले, आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. गावातल्या मुली आल्या. वाड्यांवरच्या राखी मुली एक-एक करून आल्या. त्यांच्या अंगावरचा प्रत्येक ड्रेस बघून ती मनात आकडा वाढवत होती. तेवीसवर आकडा थांबला. खालच्या मळ्याच्या वाटेवर कोणी दिसेना.

घंटेची वेळ झाली. नऊ वर्षांत तिची घंटा मिनिटानंही चुकली नव्हती; गावातल्या बायका तिच्या घंटेवर भात उतरवायच्या. इंगवले सर ऑफिसच्या दारात आले, घड्याळाकडं बघितलं, दानम्माकडं बघितलं. ती दोर धरून वाटेकडं डोळे लावून उभी. सर परत आत गेले. पोरं रांगेत चुळबूळ करायला लागली. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली.

मग उसाच्या कडेनं सायकल दिसली. बाळासो ती हातात धरून चालत होता. कॅरिअरवर दप्तरं बांधलेली, चार, आणि त्याच्या मागून चार राखी पोरी ओळीनं येत होत्या. संयोगिता सगळ्यांत पुढं.

बाळासो फाटकाशी थांबला. "अक्का, घंटा झाली काय?"

"न्हाय बाबा. व्हायची हाय अजून."

"मग पोरीस्नी उशीर न्हाय झाला." त्यानं दप्तरं सोडली, एकेकीच्या हातात दिली. संयोगितानं आपलं दप्तर खांद्याला लावलं आणि आत जाताना दानम्माच्या हाताला नुसता हात लावून गेली. बाळासो सायकल वळवता वळवता म्हणाला, "उद्यापस्नं लवकर सोडतो. तू तुजी घंटा येळंवर दे."

दानम्मानं घंटा दिली. त्या दिवशी गावातल्या भाताचं काय झालं असेल ते असो.

पुढच्या वर्षापासून शाळेच्या पत्रकावर रंगाचं नाव लिहायची पद्धत बंद झाली. प्रत्येक पत्रकाला कापडाचा एक तुकडा टाचणीनं लावायचा. ते तुकडे कातरीनं कापून टाचायचं काम साहजिकच दानम्माकडं आलं, आणि "आता वर बघायची गरज न्हाय," असं म्हणत ती ते हौसेनं करायची. राखी आणि निळे ड्रेस धुऊन धुऊन इतके विटले, की दहावीपर्यंत कोणता मूळचा कोणता ते लांबून कळेनासं झालं. संयोगिता दहावी पास झाली. अठ्ठावन्न टक्के, काही बोर्डात बिर्डात आली नाही. नंतर तिनं नर्सचा कोर्स केला. मळ्यातल्या बाकी तिघींपैकी एकीचं मधेच लग्न झालं, दोघी पास झाल्या. दोन हजार चार साली आठवीच्या वर्गात पहिल्यांदाच मुलांपेक्षा मुली दोनानं जास्त भरल्या. चेअरमन भाषणात म्हणाले, की पंजाबी ड्रेसची कल्पना मुळात त्यांचीच. कुणी त्यांना अडवलं नाही.

दोन हजार आठच्या मे महिन्यात दानम्मा निवृत्त झाली. शाळेनं समारंभ ठेवला. इंगवले सर त्याआधीच निवृत्त होऊन कोल्हापूरला राहत होते. ते मुद्दाम आले. शाल झाली, नारळ झाला, सगळ्यांची भाषणं झाली. मागं राहिली ती दानम्मा. तिला माइकपुढं आणलं. तिला माइकची गरज नव्हती, पण कार्यक्रमाची शोभा म्हणून तो तसाच ठेवला.

समोर सगळं गाव, आणि बायकांच्या बाजूला कुणी कडेवर मूल घेऊन, कुणी नोकरीवरून रजा काढून आलेल्या तिच्या जुन्या पोरी. त्यांत संयोगिताही होती.

"संस्थेनं मला घंटा दिली," दानम्मा म्हणाली. "सरांनी माझी चूक सोताच्या अंगावर घेतली. गाव माज्यासाठनं भर सभंत खोटं बोललं. तुमा सगळ्यांचं उपकार माज्यानं फिटायचं न्हाईत, मी फेडायला बी जानार न्हाय. पर आज मला येगळ्यांच्या पाया पडायचं हाय, आन् त्या माज्यापरीस ल्हान हायती म्हनून कुनी हसू नगा. चूक मी क्येलतो. माफ तुमी क्येलासा. पर त्या सत्तावीस पोरी कुनी एक वरीस, कुनी तीन वर्सं, माझी चूक अंगावर घालून रोज शाळंला आल्या."